अलोब्रोग कोण होते, आणि ते गेले कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीकडे जिनिव्हाला गेला होतात. तिथल्या सँ-पिएर कॅथेड्रलच्या फरशीखालचं उत्खनन पाहिलंत, आणि तिथल्या सांगाड्याची ओळख 'अलोब्रोग सरदार' अशी करून दिलेली होती. दोन दिवसांनी जवळच्याच फ्रेंच शहरात, आन्सीच्या बाजारात वाइनच्या बाटलीवर तेच नाव दिसलं. जावईबापूंचा एक सॅव्हॉयचा (म्हणजे फ्रान्सच्या आल्प्समधल्या प्रांताचा) मित्र जेवताना अभिमानानं म्हणाला, "आम्ही मूळचे अलोब्रोग." तर हे लोक कोण, त्यांचं पुढे काय झालं, आणि मित्राच्या बोलण्यात तथ्य किती?

ऱ्होन आणि इझेर या नद्यांच्या खोऱ्यांतले लॅटिन शिलालेख वाचणं हे माझं कित्येक वर्षांचं काम. या लोकांशी माझी ओळख पुस्तकांपेक्षा दगडांवरून जास्त झाली. दगडांवरून पाहायला लागलं की एक गोष्ट लवकरच खटकते: मुलूख त्यांचा, पण नाव जवळजवळ कुठेच नाही. थडगी, देवळं, मैलाचे दगड, सगळीकडे लोक स्वतःला 'व्हिएनचे', म्हणजे ऱ्होनकाठच्या आपल्या मुख्य गावाचे, म्हणवतात. 'अलोब्रोग' क्वचितच. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या गैरहजेरीत आहे, म्हणून जरा लांबून येतो.

आधी नाव. फ्रेंचमध्ये 'आलोब्रॉज', लॅटिनमध्ये 'अलोब्रोगेस'. मूळ शब्द गॉलिश भाषेतला, म्हणजे गॉलमधल्या (साधारण आजच्या फ्रान्समधल्या) रोमनपूर्व लोकांच्या भाषेतला: 'अलो' म्हणजे दुसरा, 'ब्रोग' म्हणजे मुलूख. दुसऱ्या मुलखातले, परमुलखातले. ही फोड आधुनिक भाषाशास्त्रज्ञांनी काढलेली नाही. रोमन कवी जुव्हेनलच्या काव्यावरच्या जुन्या टीपांमध्येच ती दिलेली आहे. ब्रिटनमधल्या वेल्स लोकांचं स्वतःचं नाव 'कुम्री' त्याच मुळाचं आहे, फक्त अर्थ उलटा: 'कोम-ब्रोगी', म्हणजे एकाच मुलखातले, आपले. 'ब्रोग' या शब्दाचा आणखी मागचा अर्थ सीमा, कड असा आहे आणि लॅटिन 'मार्गो' त्याचं भावंड. शाळेच्या वहीच्या कडेला आपण आखतो ते मार्जिन याच घराण्यातलं. परमुलखातले हे नाव माणूस स्वतःला सहसा घेत नाही, ते शेजाऱ्यांनी ठेवलं असावं असं मला वाटतं. पुढे ते ज्यांनी ज्यांनी वापरलं, त्यांतले बहुतेक जण बाहेरचेच होते.

मुलूख कुठला? ऱ्होनच्या डाव्या तीरावर, उत्तरेला जिनिव्हाच्या सरोवरापर्यंत, दक्षिणेला इझेर नदी, पूर्वेला आल्प्सच्या रांगा. आजच्या फ्रान्समधले इझेर, साव्वा आणि ओत-साव्वा (हे दोन मिळून सॅव्हॉय) हे तीन जिल्हे मिळून त्याचा बराचसा भाग होतो. 'आल्प्सची जमात' म्हटलं की आपल्याला कड्याकपारीत राहणारे मेंढपाळ आठवतात, पण ऱ्होनकाठचा त्यांचा भाग सपाट आणि सुपीक होता, आणि धान्य तिथूनच यायचं. (इझेरचं जुनं नाव 'इसारा'. अनेक भाषाशास्त्रज्ञ ते ऋग्वेदातल्या 'इषिर' या शब्दाशी जोडतात, म्हणजे वेगवान, जोमदार. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर ही नदी पाहिली की ते पटतं.)

लिखित इतिहासात ते पहिल्यांदा दिसतात इ.स.पू. २१८ मध्ये, कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन इटलीकडे निघाला तेव्हा. ऱ्होन आणि इझेर यांच्या बेचक्यातल्या 'बेट' म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशात तो पोचला, तर तिथे दोन भावांत गादीवरून भांडण चाललेलं. हॅनिबलनं थोरल्याची बाजू घेतली आणि त्यानं बदल्यात धान्य, शस्त्रं, थंडीचे कपडे आणि पादत्राणं पुरवली. रोमन इतिहासकार लिव्ही त्या भावाचं नाव ब्रांकस देतो, त्यांना अलोब्रोग म्हणतो, आणि धनात व नावलौकिकात ही जमात गॉलमधल्या कुणापेक्षा कमी नव्हती असंही सांगतो. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस मात्र वेगळं सांगतो. त्याच्या मते हॅनिबलला मदत करणारे वेगळे, आणि चढण सुरू झाल्यावर खिंडीत वाट अडवून बसले ते अलोब्रोग. दिवसभर ते पहारा देत आणि रात्री गावात झोपायला जात. हे कळताच हॅनिबलनं रात्रीच मोक्याच्या जागा धरल्या. मला पॉलिबियसचा वृत्तान्त जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो आल्प्सच्या वाटेवर स्वतः जाऊन आला होता.

रोमशी गाठ पडली त्यानंतर शंभर वर्षांनी. मार्सेयजवळच्या सालुवी लोकांचा रोमननी पराभव केला तेव्हा त्यांचा राजा पळून अलोब्रोगांकडे आला. त्यांनी त्याला आसरा दिला आणि रोमच्या स्वाधीन करायला नकार दिला. इ.स.पू. १२१ मध्ये आधी रोमन सेनापती दोमितियसनं आणि मग क्विंतस फाबियस मॅक्सिमसनं त्यांना हरवलं. फाबियसची लढाई ऱ्होन-इझेर संगमाजवळ ८ ऑगस्टला झाली. तारीख रोमन लेखक प्लिनीनं टिपून ठेवली, तीही वैद्यकाच्या कुतूहलापोटी: फाबियसला चौथ्या दिवशी उलटणारा ताप होता आणि तो ऐन लढाईत उतरला. एक लाख तीस हजार शत्रू मारले असं तोच सांगतो. रोमन विजयांचे आकडे असेच असतात, मी ते कधी जमेस धरत नाही. फाबियसला 'अलोब्रोगिकस' ही पदवी मिळाली आणि रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, त्याची कमान उभी राहिली.

रोमन रीत अशी की जिंकणाऱ्याचं घराणंच हरलेल्यांचं पालक व्हायचं. अलोब्रोगांचं काही काम रोममध्ये निघालं तर त्यांनी फाबियस घराण्याच्या दारात जायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पराभवापेक्षा त्यांना जास्त छळलं कर्जानं. कर भरायचा, तो भरायला रोमन सावकाराकडून पैसे काढायचे, व्याज थकलं की जमीन जायची. गॉलमध्ये एक नाणंसुद्धा रोमन नागरिकांच्या वहीत नोंद झाल्याशिवाय हलत नाही, असं रोमचा प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो एका भाषणात म्हणतो. तो ते अभिमानानं म्हणतो. इ.स.पू. ६९ च्या सुमारास गॉलचा सुभेदार फोंतेयस याच्यावर लुटीचा खटला चालला, त्यातलं हे बचावाचं भाषण. साक्षीदारांत अलोब्रोग होते आणि त्यांचा पुढारी इंदुतियोमारस. सिसेरोचा बचाव काय? गॉलमधला मोठ्यात मोठा माणूससुद्धा रोमच्या क्षुल्लक नागरिकाच्या तोडीचा आहे का? देवाधर्माची चाड नसलेल्यांच्या शपथेला किंमत ती काय?

सहाच वर्षांनी, इ.स.पू. ६३ मध्ये, हाच सिसेरो कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, होता आणि त्याची सगळी भिस्त अलोब्रोगांच्या साक्षीवर होती.

झालं असं. कर्जाची तक्रार घेऊन अलोब्रोगांचे वकील, म्हणजे दूत, रोमला आले होते. सिनेटनं दाद दिली नव्हती. त्याच दिवसांत कॅटिलिन या रोमन उमरावाचा सत्ता उलथण्याचा कट शिजत होता. कॅटिलिन बाहेर फौज जमवत होता आणि शहरातलं काम लेंतुलस पाहत होता. गॉलमध्ये धंदा केलेल्या उंब्रेनस नावाच्या माणसाला त्यानं या वकिलांकडे पाठवलं. फोरममध्ये गाठून उंब्रेनसनं विचारलं, तुमच्या हालांवर उपाय काय दिसतो? ते म्हणाले, मरण. तो म्हणाला, मर्द असाल तर मी वाट दाखवतो. आणि कट सांगून टाकला.

रोमन इतिहासकार सल्लुस्तनं पुढचा प्रसंग फार थोडक्यात लिहिला आहे, पण मी तो वाचताना दर वेळी थांबतो. वकील मुक्कामी गेले आणि त्यांनी तोलून पाहिलं. एका पारड्यात कर्ज, लढायची हौस, जिंकलो तर मोठं घबाड. दुसऱ्या पारड्यात रोमची ताकद, धोका टाळणं, आणि आशेच्या ऐवजी खात्रीचं इनाम. परक्या शहरात, ज्यांनी आपलं म्हणणं धुडकावलं त्यांच्याच राज्याचं भवितव्य हातात घेऊन ही माणसं रात्री बसली असतील. शेवटी ते आपल्या पालकाकडे गेले: फाबियस सांगा, अलोब्रोगिकसच्या घराण्यातला. सांगानं सिसेरोला कळवलं. सिसेरोनं निरोप दिला की कटात सामील झाल्याचं सोंग करा आणि त्यांच्याकडून लेखी काढून घ्या.

या 'लेखी'चं स्वरूप माझ्या कामाच्या जवळचं, म्हणून नीट सांगतो. त्या काळचं पत्र म्हणजे मेण लावलेल्या लाकडी पाट्या. मजकूर मेणात कोरायचा, मजकुराची बाजू आत करून पाट्या मिटायच्या, दोऱ्यानं बांधायच्या आणि दोऱ्यावर मेण घालून अंगठीचा ठसा उमटवायचा. ठसा न मोडता दोरा सुटत नाही. वकिलांनी मागितलं ते असं: आमच्या लोकांना विश्वास वाटायला हवा, तर तुमच्या शिक्क्याची पत्रं द्या. लेंतुलस, केथेगस आणि स्तातिलियस या कटवाल्यांनी दिली. चौथा, कासियस, सावध निघाला, मी स्वतःच तिकडे येतो म्हणाला.

२ डिसेंबरच्या रात्री वकील निघाले, बरोबर कटवाल्यांचा माणूस वोल्तुरकियस. रोमच्या उत्तरेला तिबेर नदीवर म्युल्व्हियन पूल आहे. आजही आहे, लोक त्यावरून चालतात. तिथे फ्लाकस आणि पोम्प्तिनस हे दोन प्रेटर (कॉन्सुलच्या खालचे अधिकारी) सैनिक घेऊन दबा धरून बसले होते. वकिलांनी लगेच हत्यारं टाकली, वोल्तुरकियस थोडा वेळ तलवार घेऊन झुंजला. सकाळी सिनेट भरली. एकेकाला पाटी दाखवली: हा शिक्का तुझा? केथेगस हो म्हणाला. दोरा कापला, वाचलं. त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात 'अलोब्रोगांच्या सिनेटला आणि लोकांना' वचन दिलेलं होतं. लेंतुलसच्या शिक्क्यावर त्याच्या आजोबाचा चेहरा होता, आणि सिसेरोनं सर्वांदेखत त्याला त्या चेहऱ्याची लाज काढली. ५ डिसेंबरला त्यांना फासावर दिलं गेलं.

सिसेरोला 'राष्ट्रपिता' म्हटलं गेलं. वकिलांना इनाम जाहीर झालं. कर्ज? कर्ज तसंच राहिलं. रोमच्या इतिहासात याहून मोठे अन्याय पुष्कळ झाले, पण इतका उघडावाघडा कृतघ्नपणा मला दुसरा आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी कातुग्नातुस नावाच्या नेत्याखाली अलोब्रोग उठले. इ.स.पू. ६१ पर्यंत बंड चाललं, आणि ते मोडलं तिथल्या नव्या सुभेदारानं. त्याचं नाव पोम्प्तिनस. होय, पुलावर त्यांची पत्रं ताब्यात घेणारा तोच.

सीझरच्या काळात फार वेळ रेंगाळायची गरज नाही, पण जिनिव्हासाठी एक गोष्ट महत्त्वाची. त्या शहराचं नाव लेखी इतिहासात पहिल्यांदा येतं ते सीझरच्या वृत्तान्तात, आणि येतं ते 'अलोब्रोगांचं शेवटचं गाव' म्हणून. इ.स.पू. ५८ च्या मार्चमध्ये आजच्या स्वित्झर्लंडमधले हेल्वेती लोक आपली गावं जाळून पश्चिमेकडे निघाले आणि त्यांना जिनिव्हाच्या पुलावरून अलोब्रोगांच्या मुलखातून जायचं होतं. सीझरनं पूल तोडला आणि सरोवरापासून ज्यूरा पर्वतापर्यंत १९ रोमन मैल (सुमारे २८ किलोमीटर) तटबंदी घातली. सहा वर्षांनी व्हेर्सिंगेटोरिक्सनं अख्खा गॉल उठवला, अलोब्रोगांनाही पैसा आणि मोठेपणा देऊ केला. ते गेले नाहीत. उलट ऱ्होनच्या काठानं पहारे बसवले. त्यासाठी त्यांना रोमधार्जिणे म्हणणाऱ्यांनी ६१ चं बंड आठवावं: दहा वर्षांपूर्वीच ते एकटे उठले होते, आणि एकटेच चिरडले गेले होते.

आता मूळ प्रश्न, ते गेले कुठे.

ते कुठेही गेले नाहीत. त्यांनी नाव बदललं. त्यांचं मुख्य गाव होतं व्हिएन, लियाँच्या दक्षिणेला ऱ्होनकाठी. (ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना वेगळं. लॅटिनमध्ये या गावालाही व्हिएन्नाच म्हणत, त्यामुळे नुसती नावं वाचणाऱ्यांचा घोळ होतो.) सम्राट ऑगस्टसच्या काळात लिहिणारा ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो की एके काळी प्रचंड फौजा घेऊन लढणारे अलोब्रोग आता मैदानं आणि डोंगरातली खोरी कसतात, खेड्यांत राहतात, आणि त्यांच्यातले मातब्बर व्हिएनमध्ये राहतात. हे पूर्वी खेडं होतं, त्याची त्यांनी राजधानी केली. पुढे व्हिएनला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला, आणि सगळा अलोब्रोग मुलूख, पार जिनिव्हापर्यंत, त्या एका शहराचा तालुका झाला. जिनिव्हाचा माणूस कायद्यानं व्हिएनकर.

व्हिएनच्या भर चौकात ऑगस्टस आणि लिव्हिया यांचं देऊळ जवळजवळ अखंड उभं आहे. नंतर त्याचं चर्च झालं म्हणून ते वाचलं. त्याच्या दर्शनी पट्टीवर एकही अक्षर नाही. पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलंत तर बारीक भोकांची रांग दिसेल. तिथे काशाची अक्षरं खिळ्यांनी ठोकलेली होती. धातू कुणीतरी काढून नेला, भोकं राहिली. प्रत्येक अक्षराला खिळे कुठे बसतात याचा अंदाज घेत अभ्यासकांनी त्या भोकांवरून मजकूर जुळवला: देऊळ आधी ऑगस्टससाठी होतं, मागून त्यात त्याची बायको लिव्हिया हिचं नाव देवी म्हणून घातलं गेलं. तिला देवत्व मिळालं इ.स. ४२ मध्ये. काही भोकं दोनदा मारलेली आहेत, त्यावरूनच दुरुस्ती झाल्याचं कळतं. शिष्यांना मी तिथे आधी काही न सांगता नुसतं उभं करतो.

त्याच पिढीतला व्हिएनचा माणूस वालेरियस आसियातिकस. अलोब्रोग मुलखातल्या बड्या घराण्यातला. तो इ.स. ३५ मध्ये आणि पुन्हा ४६ मध्ये रोमचा कॉन्सुल झाला. पहिल्यांदा झाला तेव्हा कातुग्नातुसच्या बंडाला शंभर वर्षंही झाली नव्हती. ४७ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा आळ आला, आणि इतिहासकार टॅसिटसनं नोंदवलेल्या आरोपांतला एक वाचण्यासारखा आहे: व्हिएनमध्ये जन्मलेला, तिथे भक्कम गणगोत असलेला, तेव्हा आपल्या जातभाईंना सहज उठवेल. म्हणजे दोनदा कॉन्सुल झाला तरी रोमच्या मनात तो परमुलखातलाच. त्याला स्वतःचा जीव घ्यायची मुभा मिळाली. त्यानं रोजचा व्यायाम केला, स्नान केलं, जेवला. मग आपली चिता पाहायला गेला आणि ती दुसरीकडे हलवायला लावली, कारण तिच्या आचेनं बागेतल्या झाडांची सावली करपली असती.

दगडांकडे परत येतो. मों ब्लाँच्या पायथ्याशी, सँ-जेर्वेच्या वरच्या अंगाला फॉर्क्लाज नावाची खिंड आहे. तिथे १९व्या शतकात हद्दीचा एक दगड सापडला. त्यावरचा मजकूर इ.स. ७४ चा. सम्राट व्हेस्पासियनच्या पदव्या वगळून मराठीत असा: सम्राटाच्या अधिकारानं, वरच्या जर्मानियाच्या सैन्याचा त्याचा प्रतिनिधी पिनारियस कॉर्नेलियस क्लेमेन्स यानं व्हिएनकर आणि सेउत्रोन यांच्यामध्ये हद्द ठरवली.

दोन्ही बाजूंची नावं पाहा. सेउत्रोन ही तारांतेज खोऱ्यातली शेजारची जमात, आणि तिचं नाव अजून जमातीचंच आहे. पलीकडे अलोब्रोग असायला हवेत, तर तिथे 'व्हिएनकर'. तीच माणसं, तीच कुरणं, बहुधा तेच भांडण, पण जमातीच्या जागी शहर आलंय. अलोब्रोग संपल्याची नोंद मला कुठल्याही रणांगणावर सापडली नाही. ती मला या दगडावर दिसते.

मग हे शहरही फुटलं. इ.स. ४०० च्या सुमाराच्या सरकारी यादीत जुन्या व्हिएन मुलखाची तीन शहरं झालेली दिसतात: व्हिएन, जिनिव्हा, आणि ग्रासियानोपोलिस. हे तिसरं म्हणजे अलोब्रोगांचं कुलारो. चौथ्या शतकात सम्राट ग्रासियनवरून त्याचं नाव बदललं, आणि घासून घासून आजचं ग्रेनोबल झालं. रोमन राज्य गेल्यावर या तीन शहरांच्या हद्दी चर्चनं उचलल्या आणि त्या तीन बिशपांच्या हद्दी झाल्या. त्या मोठ्या अंशी थेट फ्रेंच क्रांतीपर्यंत चालल्या. १६व्या शतकात जिनिव्हा प्रोटेस्टंट झालं आणि तिथल्या कॅथलिक बिशपाला शहर सोडावं लागलं, तेव्हा तो आन्सीला जाऊन राहिला, पण पदवी 'जिनिव्हाचा बिशप' हीच ठेवली. आन्सीत तुम्ही सँ फ्रान्स्वा द साल यांचं नाव जागोजागी पाहिलं असेल, ते असेच आन्सीत राहणारे जिनिव्हाचे बिशप. देश दोन झाले तरी आन्सी आणि जिनिव्हाची गाठ सुटली नाही, ती इतकी जुनी आहे. वारसा म्हणून मला कुणी एकच गोष्ट दाखवायला सांगितली तर मी या हद्दी दाखवीन.

भाषा मात्र गेली. गॉलिश मेली, लॅटिन आली, आणि तिची इथली लेक म्हणजे फ्रँको-प्रोव्हाँसाल. जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून थोडी ऐकू येते. गॉलिशचे काही खडे तिच्यात राहिलेत. डोंगरात फिरताना ओढ्याच्या पाटीवर 'नां' हा शब्द दिसला असेल, लिहिताना शेवटी ट येतो पण उच्चारत नाहीत. गॉलिशमध्ये त्याचा अर्थ दरी. वेल्समध्ये आजही ओढ्याला 'नांट' म्हणतात. वंशाचं म्हणाल तर इ.स. ४४३ मध्ये रोमननीच बर्गंडी लोकांना इथे, सापौदियात, आणून वसवलं. या सापौदियाचंच पुढे सॅव्हॉय झालं. त्यानंतर दीड हजार वर्षं खिंडींमधून व्यापारी, सैनिक, मजूर येत-जात राहिले. म्हणून 'आमच्यात त्यांचं रक्त' असं कुणी म्हटलं तर मी त्याला पाठिंबा देऊ शकत नाही.

तरीही तुमच्या जावईबापूंच्या मित्राला मी खोटं पाडणार नाही. त्याचं नातं वेगळ्या वाटेनं येतं.

हे नाव फार काळ शिवी होतं. रूफस नावाच्या वक्तृत्वशिक्षकाला त्याचे विद्यार्थी सारखे 'अलोब्रोग सिसेरो' म्हणायचे, असं जुव्हेनल सांगतो. फ्रेंचमध्येही १८व्या शतकात 'आलोब्रॉज' म्हणजे अडाणी, रांगडा माणूस. मग १७९२ साल आलं. सॅव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होतं. पॅरिसमधल्या सॅव्हॉयच्या क्रांतिकारकांना स्वतःसाठी नाव हवं होतं. 'सॅव्हॉयवाला' म्हटलं की राजघराणं आठवायचं, आणि पॅरिसच्या रस्त्यावर तर धुराडी साफ करणारं पोर. त्यांनी जुनी शिवी उचलली. डॉक्टर फ्रान्स्वा-आमेदे दोपे यांनी अलोब्रोगांची पलटण उभारली. सप्टेंबरात फ्रेंच फौज सॅव्हॉयमध्ये शिरली, आणि ऑक्टोबरात शाँबेरीत 'अलोब्रोगांची राष्ट्रीय सभा' भरून तिनं फ्रान्सशी जोडून घ्यायचं ठरवलं. २७ नोव्हेंबरला मों-ब्लाँ जिल्हा तयार झाला. नेपोलियननंतर सॅव्हॉय पुन्हा राजाकडे गेलं, पण नाव मुरलं होतं. १८५६ मध्ये जोसेफ देसे यांनी अलोब्रोगांच्या नावानं गीत लिहिलं, त्यात परागंदा झालेली स्वातंत्र्यदेवता सॅव्हॉयमध्ये आसरा घेते. ते आजही सॅव्हॉयचं गीत म्हणून उभं राहून गातात. १८६० मध्ये सॅव्हॉय कायमचं फ्रान्समध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धात ग्रेनोबलच्या भूमिगतांनी आपल्या वृत्तपत्रालाही हेच नाव दिलं. परमुलखातल्यांनी ठेवलेलं नाव, मुलखातल्या लोकांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी समजून-उमजून स्वतःचं केलं. जावईबापूंचा मित्र त्या परंपरेतला आहे, आणि ती खरी आहे.

बाटलीचं राहिलं. 'वँ दे आलोब्रॉज' हा आजचा भौगोलिक दर्जा आहे, प्राचीन वाइन नव्हे. मात्र नाव वाऱ्यावरचं नाही. प्लिनी आणि शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला 'अलोब्रोगिका' नावाच्या काळ्या द्राक्षाची नोंद करतात. प्लिनीच्या मते ते थंडीत, हिमात पिकणारं. व्हिएनच्या वाइनला राळेचा स्वाद असे आणि रोममध्ये तिला चांगलं नाव होतं. आजची मोंदूझ किंवा सिरा ही द्राक्षं म्हणजे तीच जात असं विक्रेते सांगतात, त्याला पुरावा नाही. डीएनए तपासणीत इतकंच ठरलंय की सिराचे आई-बाप दुरेझा आणि पांढरी मोंदूझ, आणि यातली पांढरी मोंदूझ सॅव्हॉयची. नाशिककडे 'शिराज' म्हणून जी लावतात ती हीच सिरा.

पुन्हा जिनिव्हाला जाल तेव्हा कॅथेड्रलखालच्या त्या माणसाजवळ जरा जास्त थांबा. तो साधारण इ.स.पू. १०० च्या आसपासचा, म्हणजे फाबियसच्या लढाईनंतरच्या पिढ्यांतला. त्याच टेकडीवर पुढे रोमन इमारती आल्या, चौथ्या शतकापासून चर्चवर चर्च उभं राहिलं, पण त्याची जागा बदलली नाही. आणि शहराच्या कला व इतिहास संग्रहालयाच्या संग्रहातली ओकची मूर्ती पाहायला मिळाली तर चुकवू नका. १८९८ मध्ये जुन्या बंदरात सापडली, तीन मीटरहून उंच, इ.स.पू. ८० च्या सुमाराची. पाण्याखालच्या गाळात राहिली म्हणून लाकूड टिकलं. ती घडवली गेली त्या वर्षांत अलोब्रोगांची कर्जं वाढत होती आणि रोमला वकील पाठवायला अजून सतरा-अठरा वर्षं होती.